लाखेची मोहोर बिघडते कुठे? शिक्का चिकटणे, ठसा पुसट येणे, वाटेत लाख गळणे

चार पानी पत्र हाताने लिहायचं, नीट घडी घालायची, पाकिटावर लाख ओतून शिक्का दाबायचा, आणि उचलताना लाखेचा अर्धा गोळा शिक्क्याबरोबरच वर यायचा. माझ्याकडून हे इतक्यांदा झालंय की आता ओळखीतले लोक बिघडलेल्या मोहोरेचा फोटो पाठवतात आणि मी काय चुकलं ते उलटटपाली कळवते. दरवेळी तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

हातात धरायचा तो शिक्का, आणि लाखेवर उमटते ती मोहोर. दोन्हींना एकच शब्द वापरला की पुढे घोळ होतो, म्हणून हे आधीच सांगितलं.

आधी लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते बघा.

- शिक्का लाखेत रुतून बसतो. ओढला की तारा निघतात, नाहीतर लाख कागदाचा पापुद्रा घेऊन वर येते.
- ठसा पुसट किंवा एकाच बाजूला उमटतो.
- मोहोरेवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात.
- लाखेत काळ्या रेघा दिसतात.
- मोहोरेभोवती कागदावर तेलकट कडं उमटतं.
- टेबलावर देखणी दिसते, पण पोचते तेव्हा तडकलेली असते. कधी पोचतच नाही, नुसता डाग पोचतो.
- उन्हात मऊ होऊन शेजारच्या पाकिटाला चिकटते.

पहिली चार टेबलावरची दुखणी आहेत, आणि ती बहुतेक उष्णतेची आहेत. उरलेली तीन सामानाची आणि प्रवासाची. हा भेद अशासाठी की लोक नेमके उलटे उपाय करतात. शिक्का चिकटला की नवी लाख आणतात, आणि मोहोर वाटेत गळली की घरी बसून शिक्का दाबण्याचा सराव करतात. दोन्हींचा काही उपयोग होत नाही.

शिक्का चिकटतो: फुकटचा उपाय आधी

फोटो पाठवणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते, "कितवी मोहोर?" उत्तर बहुधा तिसरी किंवा चौथी असतं. पहिली झकास येते, दुसरी बरी येते, तिसरीला शिक्का चिकटतो. मग दोष लाखेला दिला जातो. पण लाख तीच आहे. बदललाय तो शिक्का.

लाख घट्ट होते ती तिची उष्णता पितळेने ओढून घेतली म्हणून. शिक्का गार असला की लाखेचा वरचा थर, म्हणजे पितळेला टेकलेला थर, आधी गोठतो आणि अलगद सुटतो. दोन मोहोरा झाल्या की पितळ कोमट होतं. कोमट पितळेखाली लाख चिकट अवस्थेतच रेंगाळते, आणि त्या अवस्थेत ती उत्तम गोंद असते. शेवटी तिला कागद आणि पितळ यांत फरक करायचं कारणच काय?

तेव्हा शिक्का गार करा. रुमालात बर्फाचा खडा गुंडाळा, त्यावर शिक्क्याचा चेहरा टेकवून मिनिटभर ठेवा, आणि दर मोहोरेनंतर परत तिथेच ठेवा. उचलल्यावर कोरड्या कापडाने टिपून घ्या. हे टिपणं विसरू नका. गार धातूवर हवेतलं पाणी जमतं, आणि थेंब राहिला तर गरम लाखेखाली त्याची वाफ होऊन खळगा पडतो. नजरेला जेमतेम दिसेल इतका धुरकट दमटपणा मात्र चालतो, उलट मदतच करतो. बर्फ नसेल तेव्हा शिक्क्यावर "हाऽ" करून तोंडाची वाफ धरायची जुनी पद्धत आहे, ती यासाठीच.

एवढं करूनही चिकटत असेल तर तुम्ही घाई करताय. दाबल्यावर हात काढून घ्या आणि शिक्का आपल्या वजनावर उभा राहू द्या. मी वीस ते तीस आकडे मोजते, गरम हवेत जास्त. ओढायचं कधीच नाही. हलकेच डुलवून बघायचं. झाली असेल तर बारीकसा "टक्" असा आवाज येतो आणि शिक्का आपणहून मोकळा होतो. हा आवाज एकदा कानात बसला की आकडे मोजावे लागत नाहीत.

शिक्का आत्ता, या क्षणी, पाकिटावर अडकलेला असेल आणि तुम्ही वाचताय, तर हात लावू नका. धातूच्या डोक्याला बाहेरून बर्फ टेकवा आणि पाच मिनिटं दुसरं काहीतरी करा.

काहीजण शिक्क्याला तेलाचं बोट लावतात. चालतं, पण मला ते आवडत नाही. तेल बारीक रेघांत साचून ठसा बुळबुळीत येतो आणि जरा जास्त झालं तर कागदावर उतरतं.

ठसा पुसट, नाहीतर एकांगी

इथे तीन गोष्टी याच क्रमाने बघा.

लाख पुरेशी आहे का? साधारण २५ मिलिमीटरच्या शिक्क्याला मण्यांच्या लाखेचे तीन-चार मणी लागतात. ओतलेलं थारोळं शिक्क्यापेक्षा किंचित लहान, पण चांगलं फुगीर हवं. दाबल्यावर बाहेर ढकललेल्या लाखेचीच ती सुंदर वेडीवाकडी कड तयार होते. पातळ पसरलेल्या लाखेत कड येत नाही आणि नक्षीला खोलीही मिळत नाही.

ओतल्या ओतल्या दाबता का? पाच-दहा सेकंद थांबा. ओतलेली लाख पाण्यासारखी हलते. तिची चकाकी जराशी मंद झाली आणि ती मधासारखी जड झाली की दाबा. आणि जोर लावू नका. जोर लावला की मधली लाख कागदासारखी पातळ होते आणि पुढे तिथेच तडकते.

खाली काय आहे? याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. पाकिटाचा त्रिकोणी पदर आणि त्याखालचा कागद यांत पोकळी असते, आत घड्यांचा उंचवटा असतो. मोहोर नेमकी उतारावर बसते आणि एक बाजू कोरी राहते. आधी पदराखाली पाकिटात, पत्राच्या वर, एक जाड पुठ्ठा सरकवून ठेवा, मग पदर डिंकाने पूर्ण चिकटवा आणि सुकू द्या.

त्या पुठ्ठ्याचा आणखी एक उपयोग. घासून खोडता येणाऱ्या जेल पेनाची शाई साधारण ६० अंश सेल्सियसला अदृश्य होते, तिची गंमतच ती आहे. अशा पेनाने लिहिलेलं पत्र आत ठेवून मी वरून लाख ओतली होती. पोचलं तेव्हा दुसऱ्या पानाच्या मधोमध रुपयाएवढा कोरा गोल होता, आणि त्या गोलात मी नेमकी माफी मागितलेली होती. पत्र फ्रीजरमध्ये ठेवलं तर ती शाई परत दिसू लागते, ठेवूनही झालं; पण हाताने लिहायचंच आहे तर साधी शाई वापरा.

भोकं आणि काजळी

भोकं म्हणजे हवेचे बुडबुडे. लाख उकळू देऊ नका. धूर दिसला म्हणजे फार झालं. वितळल्यावर काडीने सावकाश ढवळा, फेटू नका, आणि चमचा कोरडा आहे ना ते बघा.

काळ्या रेघा म्हणजे मेणबत्तीची काजळी. चमचा ज्योतीत बुडवला की त्याच्या बुडाला काजळी धरते आणि ओतताना लाख बुडावरून ओघळून ती सोबत आणते. चमचा ज्योतीच्या टोकाच्या बोटभर वर धरा, आणि चोच असलेल्या बाजूने ओता. वात असलेली लाखेची कांडी वापरत असाल तर थोडी काजळी येणारच. वात कातरून आखूड ठेवली की कमी येते. काळ्या किंवा गडद किरमिजी लाखेत ती दिसत नाही, हा माझा आळशी उपाय.

तेलकट कडं पडत असेल तर ती लाख नाहीच

मोहोरेभोवती दुसऱ्या दिवशी पारदर्शक कडं दिसायला लागलं तर तुम्ही बहुधा साधी मेणबत्ती किंवा खडू वितळवलेत. पॅराफिन मेण कागदात झिरपतं, कागदाला नीट धरत नाही, आणि नखाने खरवडलं की भुसा निघतो. यात कौशल्याने काही सुधारत नाही. सामान बदला.

लाख म्हणजे मेण हा गैरसमज "सीलिंग वॅक्स" या इंग्रजी नावाने पसरवलाय. इंग्रजीत तिला मेण म्हणतात, कारण मध्ययुगात युरोपात मोहोरा खरोखरच मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून करत. सोळाव्या शतकापासून भारताकडून जाणाऱ्या लाखेने मेणाची जागा घेतली, नाव मात्र मेणच राहिलं. आपल्या भाषेत नाव बरोबर आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे राळेसारखं कवच करतात ती लाख. लाख लावून बंद केलेलं पत्र तो लाखोटा.

वाटेत तडकते, गळते

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि सर्वांत जास्त जिव्हारी लागते. कारण टेबलावर तुम्ही सगळं बरोबर केलेलं असतं.

अस्सल लाख कडक आणि ठिसूळ असते, आणि तेच तिचं काम होतं. पत्र कुणी चोरून उघडलं तर मोहोर मोडली पाहिजे, वाकून परत जागेवर बसता कामा नये. ब्रिटनमध्ये १८४० साली वजनावर आधारलेला स्वस्त टपालदर येईपर्यंत कागद किती आणि अंतर किती यावर पैसे पडत. पाकीट म्हणजे आणखी एक कागद. म्हणून लोक पत्राचाच कागद दुमडून त्यावर मोहोर करत, आणि ते माणसांच्या हातांतून, थैल्यांतून जाई. ती मोहोर म्हणजे कुलूप होतं. आज कुलपाचं काम पाकिटाचा डिंक करतो. मोहोर फक्त दागिना उरली आहे, आणि हा दागिना घालून पाकीट छाटणीच्या, म्हणजे पत्त्यांप्रमाणे पत्रं वेगळी करणाऱ्या, यंत्रात जातं, जिथे पट्टे आणि रूळ त्याला वेगाने वाकवत नेतात. कडक वस्तू वाकणाऱ्या कागदावर बसवली की एक तर ती मोडणार, नाहीतर सुटणार.

तेव्हा तपासणी अशी.

पहिल्यांदा, काहीही न बदलता, पाकिटावर पाकीट चढवा. मोहोर केलेलं पाकीट थोड्या मोठ्या, साध्या पाकिटात घालायचं आणि पत्ता व तिकीट बाहेरच्यावर लावायचं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. काहींना हे पटत नाही, पोस्टमनने मोहोर बघितली पाहिजे असं त्यांना वाटतं. मलाही वाटायचं. उघड्या मोहोरेचं पाकीट यंत्रातून काढून हाताने छाटावं लागतं म्हणून काही देशांत त्याला जादा दर पडतो, हेही ध्यानात असू द्या. पाठवण्याआधी टपाल कचेरीत विचारा.

दुसरं, लाख कोणती आहे ते बघा. टाकाऊ कागदावर एक मोहोर करा, पूर्ण गार होऊ द्या, आणि कागदासकट बोटांत वाकवा. कट् करून मोडली तर ती कडक, जुन्या वळणाची लाख. हातोहात द्यायच्या पत्राला ती उत्तम, ठसा इतका रेखीव दुसऱ्या कशात येत नाही. पण टपालाला नको. वाकली आणि परत सरळ झाली तर ती हल्लीची लवचिक लाख. ग्लू गनमध्ये घालायच्या कांड्या बहुधा याच जातीच्या असतात. त्या घेताना गन ७ मिलिमीटरची आहे की ११ ची, ते बघून घ्या. ठसा किंचित मऊ येतो. मी हा तोटा मुकाट्याने पत्करते.

तिसरं, कागद. गुळगुळीत चकचकीत पाकिटावर लाखेला धरायला काही नसतं. खरखरीत, तंतू दिसणाऱ्या कागदात ती शिरते. एकदा मी स्वतःच्याच पत्त्यावर चार पाकिटं टाकली होती, दोन चकचकीत, दोन खरखरीत, प्रत्येकी एकावर कडक लाख आणि एकावर लवचिक. चकचकीतवरची कडक मोहोर आलीच नाही. खरखरीतवरची तीन तुकडे होऊन आली, पण तिन्ही तुकडे कागदाला धरून होते. लवचिक दोन्ही पोचल्या, चकचकीतवरचीची मात्र कड सुटून नखाएवढी वर आली होती. हातात चकचकीत पाकीटच असेल तर मोहोरेच्या जागेवर आधी बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा. चमक गेली पाहिजे, कागद नाही.

शेवटचा उपाय थोडा खटाटोपाचा, पण आता मी बहुतेक वेळा तोच करते. मोहोर पाकिटावर करायचीच नाही. बेकिंग पेपरवर किंवा सिलिकॉनच्या चटईवर करायची, गार झाल्यावर सोलून काढायची, आणि मजबूत दुहेरी चिकटपट्टीने पाकिटावर लावायची. चिकटपट्टी जराशी ताणते, त्यामुळे पाकीट वाकलं तरी मोहोरेवर ताण कमी येतो. शिवाय दहा करून त्यातल्या चांगल्या सहा निवडता येतात आणि उरलेल्या चार पुन्हा वितळवता येतात. पाकीट, आतलं पत्र, शाई, काहीच तापत नाही. यात फसवणूक आहे असं एक मैत्रीण म्हणते. तिच्या मोहोरा तुकड्यांत येतात.

उन्हात मऊ होते

लाख उष्णतेने बसते तशी उष्णतेने उठतेही. उन्हात तापलेल्या टपालपेटीत किंवा बंद गाडीत पाकिटं एकावर एक पडली की मोहोरेवर शेजारच्या कागदाची जाळी उमटते. मोहोरेवर बटर पेपरचा चौकोन ठेवून मग बाहेरचं पाकीट चढवा. मेण जास्त असलेली लाख गरम दिवसांत टाळा.

शिक्क्याच्या खोबणीत लाख अडकली असेल

सगळं करूनही प्रत्येक मोहोरेत एकाच जागी डाग किंवा बुजलेली रेघ येत असेल, तर आता शिक्का बघायची वेळ आली. सुईने, टाचणीने, चाकूने उकरू नका. पितळ मऊ असतं. उकरताना पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक मोहोरेवर उंच रेघ होऊन दिसतो, कारण शिक्क्यात जे खोल ते लाखेत उंच. हे मला एका "र"ला शेपूट फुटल्यावर कळलं.

मूठ बहुधा आट्यांची असते, फिरवून डोकं वेगळं करा. डोकं पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. गारठून आकसलेली लाख टेबलावर हलकं आपटलं तरी निघते. उरलीसुरली मऊ टूथब्रशने काढा. अस्सल लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यात थोडा वेळ भिजवून ब्रश फिरवला की साफ. लवचिक लाखेवर स्पिरिटचा फारसा परिणाम होत नाही. स्पिरिट उघडलंत की मेणबत्ती विझवा, दोन्ही एका टेबलावर नकोत.

इथे हात थांबवा

साफ केल्यावरही नक्षी पुसट असेल, कड दबलेली असेल, किंवा चेहरा सपाट राहिला नसेल (काचेवर उलटा ठेवा, डुगडुगतो का बघा), तर ते खोदकाम करणाऱ्याचं काम आहे. घरी कानस लावू नका. शिक्क्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि ते पुन्हा कोरायला तशी नजर लागते.

ग्लू गन किंवा विजेवर चालणारी वितळभट्टी ठिणग्या टाकत असेल, वायर गरम होत असेल, तर प्लग काढा आणि जाणकाराला दाखवा. पट्टी गुंडाळून वापरणं चालू ठेवू नका.

गरम लाख बोटावर सांडली तर चिकटलेला गोळा उपटू नका, त्याच्याबरोबर कातडी येते. नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा, बर्फ लावू नका. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा लाख सुटतच नसेल, तर डॉक्टरांकडे जा.

आणि घरातल्या ट्रंकेत सापडलेल्या जुन्या पत्रावरची मोहोर मोडली असेल, तर वर लिहिलेलं एकही अक्षर तिला लावू नका. तुकडे जोडण्यासाठी वितळवणं तर मुळीच नको. जुन्या तांबड्या मोहोरांत रंगासाठी अस्सल हिंगूळ घालत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि तापवल्यावर त्यातून पाऱ्याची वाफ निघते. चिकटपट्टीही लावू नका, तिचा गोंद काही वर्षांनी कागदात पिवळा उतरतो. निघालेले तुकडे कागदी पुडीत घाला, पुडीवर पेन्सिलीने कोणत्या पत्राची ते लिहा, पत्र सपाट ठेवा, आणि दोन्ही कागदपत्रांच्या संवर्धकाकडे घेऊन जा.